समुद्रावर आता पाहुणा नाही

यंदाचा शिमगा आटोपला आणि आमच्या नाखव्याने बोट विकली. सातपाटीच्या खाडीतली सहा सिलिंडरची लाकडी बोट, वडिलांच्या वेळेपासूनची. घेणाऱ्याला ती समुद्रात न्यायची नव्हती, फोडायची होती. इंजिनाचा भाव वेगळा झाला, लाकडाचा वेगळा. नाखव्याने फोनवर सांगितलं ते इतकंच : डिझेल-बर्फाचा खर्च निघत नाही, खलाशी टिकत नाहीत, मुलगा बोईसरला कारखान्यात लागलाय आणि त्याला आता दर्यात घालायचा नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. वर्षही उलटलं नव्हतं, तोच 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ज्या गावांनी पापलेटचं नाव राखलं, त्यांच्याच समुद्रात 1,400 हून अधिक हेक्टरांचा भराव पडणार आहे. मान द्यायचा आणि घर काढून घ्यायचं, हे एका वर्षात कसं जमलं, या प्रश्नाने गेले कित्येक दिवस माझा पिच्छा सोडलेला नाही. त्याचं उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा त्या दहा वर्षांकडे जातो, जेव्हा आम्ही चार मित्र दालद्याच्या, म्हणजे वाहत्या जाळ्याच्या, बोटीवर चार-चार, पाच-पाच रात्री काढत होतो.

त्याआधीचं थोडक्यात आटपतो. शिडाच्या होड्या होत्या. पन्नाशीच्या दशकात त्यांच्यावर इंजिनं चढली, पुढे सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली, बर्फाचे कारखाने झाले, सहकारी संस्था उभ्या राहिल्या. मांगेला आणि वैती समाजाच्या सातपाटी गावाने आपल्या मासळीचा भाव संस्थेमार्फत ठरवायची शिस्त लावून घेतली, ही त्या काळातली खरी कमाई. बाकी योजना, अनुदानं, उद्घाटनं. ती अहवालांत सापडतील. माझं मन त्यात रमत नाही.

माझी वर्षं साधारण 1998 ते 2008. आम्ही चौघे पालघरच्या दांडेकर कॉलेजातले. एकाने बापाची बोट सांभाळली, एक बँकेत गेला, एक शाळेत मास्तर झाला, मी वर्तमानपत्रात. दसरा उलटला, वारा पडला की नाखव्याचा निरोप यायचा, ‘अंधाऱ्या रात्री आल्यात, येताय का?’ चांदणं असलं की जाळं माशाला दिसतं, म्हणून दालद्याला काळोख बरा. खाडीत गाळ इतका, की भरतीशिवाय बोट निघायची नाही. त्यामुळे निघायची वेळ घड्याळावर नव्हे, तिथीवर ठरायची. कधी मध्यरात्री, कधी भर दुपारी. बर्फाच्या लाद्या फोडून खणात भरायच्या, डिझेल, पाण्याची पिंपं, तांदूळ, कांदे, चहाची पूड. आम्ही पाहुणे असलो तरी बर्फ वाहायला हात लावावाच लागे. बोट हाकणाऱ्या तांडेलाचा दंडकच होता तो.

किनारा सुटल्यावर बराच वेळ पाणी गढूळ असतं. मग हळूहळू हिरवं होतं, आणखी आत गेलं की निळं. नाखवा ते पाणी बघून सांगायचा, इथे बोंबील, इथे घोळ, इथे पुढे सुरमई. त्याच्या वडिलांनी शिशाचा ओळंबा सोडून, वाव मोजून, तळाचा चिखल हातात घेऊन ठिकाणं पाठ केली होती. आमच्या वेळेला बोटीवर जीपीएस आलं होतं, तरी तो जुन्या खुणा सोडत नसे. यंत्र जागा सांगतं, तिथे काय आहे ते सांगत नाही, असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी जाळं सोडायचं. एकाला एक जोडलेले तुकडे, किलोमीटरहून लांब, वर बोये, खाली वजनं, टोकाला दिवा. पाण्यात ती जाळ्याची भिंत उभी राहते आणि ओढीबरोबर वाहत जाते. बोट तिच्या एका टोकाला बांधलेली. मग वाट पाहणं. याच वेळात स्टोव्हवर भात चढायचा आणि कालवण व्हायचं. पापलेटचं मात्र नाही. पापलेट म्हणजे बँकेचा हप्ता, मुलीचं लग्न. बोटीवर खायची ती आपसूक आलेली मासळी, ढोमा, शिंगाळा, मांदेली. कोकम, हळद, मसाला आणि पाण्यातून नुकताच वर आलेला ढोमा. शहरातल्या कुठल्याही हॉटेलात ती चव मला पुन्हा मिळालेली नाही.

रात्री दोन-तीनच्या सुमाराला तांडेल हाक मारायचा. जाळं ओढताना पाण्यात हिरवट ठिणग्या फुटत. पापलेट कल्ल्यांमागे अडकलेलं असे. ते सोडवायची एक रीत आहे. मासा ओढायचा नाही. जाळ्याचा धागा आधी कल्ल्यावरून मागे घ्यायचा आणि मग मासा पुढे काढायचा. ओढलात तर खवले निघतात आणि खवले गेले की भाव पडतो. पापलेटचे खवले इतके बारीक, की सकाळी आमचे हात कोपरापर्यंत चंदेरी झालेले असत, आणि ते साबणानेही लवकर निघत नसत. मग प्रतवारी व्हायची. सर्वांत मोठा तो सुपर सरंगा, त्याखाली एकेक दर्जा. नाखवा मासा तळहातावर धरूनच दर्जा सांगायचा आणि संस्थेच्या काट्यावर तोच खरा ठरायचा.

वजनावरून एक जुना हिशेब अजून बाकी आहे. संस्थेच्या बाहेर, आगाऊ पैसे देऊन बोटी बांधून ठेवणारा एक व्यापारी होता. त्याच्याकडे मासळी उतरवणाऱ्या नाखव्यांच्या मालाचा दर्जा त्याच्या काट्याशी पोचला की हमखास एका पायरीने खाली यायचा. मी ते स्वतः पाहिलं. त्यावर लिहिलं, तेव्हा माझ्या संपादकांनी वजनाचा सगळा परिच्छेद काढला आणि उरलेला मजकूर ‘समुद्रावरची सहल’ म्हणून रविवारच्या पुरवणीत छापला. कोळ्याचा घाम त्यांच्या लेखी बातमी नव्हती, आमची हौस ही बातमी होती. त्या संपादकांना मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगेन, की किनाऱ्यावरच्या वाचकाला समुद्राचं व्यवहारज्ञान न देता नुसतं सौंदर्य दिलं, तर तो समुद्र विकला जाताना गप्प बसतो.

त्याच वर्षांत आम्ही कवींवरचं भांडणही पाहिलं. डोल जाळी बांधायला खोल पाण्यात रोवलेले खुंटे म्हणजे कव. दक्षिणेकडच्या गावांच्या कवी वर्षागणिक पुढे सरकत होत्या आणि वाहत्या दालद्याला मोकळी जागा उरत नव्हती. दोन्ही बाजूंना कोळीच, दोन्ही बाजूंना कर्जच. शिवाय डोलीच्या बारीक आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रांत, पापलेटची पिल्लं अडकतात. नाखवा म्हणायचा, ‘आज पिल्लू काढणारा उद्या माझा सरंगा काढतोय.’ बैठका होत, समेट होत, पुढच्या हंगामात पुन्हा तेच. सरकारने तेव्हा हद्दी आणि आस यांचा निकाल लावला असता, तर आज पापलेटला वाचवायच्या घोषणा कराव्या लागल्या नसत्या.

आणि त्याच वर्षांत आम्ही एक विजयही पाहिला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. वाढवणला बंदर बांधायची एका ऑस्ट्रेलियन कंपनीची योजना होती. 1998 साली या प्राधिकरणाने ती नाकारली. त्या हंगामात बोटीवर या विषयाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. खलाशी मास्तरला न्यायालयाचे शब्द समजावून सांगायला लावत, आणि मास्तर स्टोव्हच्या उजेडात ते सांगे. समुद्रावर कायदा पोचतो, हे त्या माणसांना तेव्हा पहिल्यांदा पटलं.

मग 26 नोव्हेंबर 2008 आलं. दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली, तिच्यावरच्या खलाशांना मारलं आणि तिच्यातून मुंबईजवळ पोचले. त्यानंतर खलाशांची ओळखपत्रं, बोटींची नोंद, निघताना यादी, टोकन हे सगळं आलं. येणं भागच होतं. मेलेले खलाशी आमच्याच धंद्यातले होते, आणि बोटीवर कोण आहे हे सरकारला कळलंच पाहिजे. पण त्या यादीत खलाशाशिवाय दुसऱ्या माणसाला जागाच ठेवली नाही. पुढच्या हंगामात माझ्यामुळे नाखव्याला धक्क्यावर अडवलं गेलं. माझी सगळी कागदपत्रं दाखवली, पोलिसांचा दाखला आणायची तयारी दाखवली, तरी त्या अधिकाऱ्याचं उत्तर एकच, ‘मासेमारी बोटीवर पाहुणा नाही.’ भरती निघून जात होती. मी उतरलो. त्यानंतर आमच्यापैकी कोणी दालद्यावर गेलं नाही.

नोव्हेंबर 2009 मधल्या फयान वादळात कोकणातल्या कित्येक घरांतली माणसं समुद्रात राहिली आणि नियम आणखी आवळले. त्यानंतरची वर्षं मी किनाऱ्यावरून पाहिली, आणि किनाऱ्यावरून दिसतात ते फक्त आदेश. पर्ससीन जाळ्यांवर 2016 मध्ये निर्बंध आले. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली. 2021 मध्ये राज्याचा कायदा कडक झाला. 2023 मध्ये कुठला मासा किती लांबीच्या आत धरायचा नाही याची यादी आली. पापलेटसाठी 135 मिलिमीटर. एकही आदेश चुकीचा नाही. पण एलईडीचा झगमगाट रात्री असतो, आणि रात्री तिथे दालदेवाल्यांशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. त्यांनी तक्रार केली की धंद्यातलं वैर म्हणून ती बाजूला ठेवली जाते. परवा पालघरच्या बाजारात एका टोपलीत माझ्या तळहातापेक्षा लहान पापलेटं रचलेली होती. पट्टी घेऊन कोणी उभं नव्हतं.

मला हेच म्हणायचं आहे. आमच्या त्या सहलींनी एक काम नकळत होत होतं. एक मास्तर, एक बँकवाला, एक बातमीदार असे किनाऱ्यावरचे लोक समुद्र बघून परत येत होते, आणि शाळेत, कर्जाच्या कागदावर, वर्तमानपत्रात तो समुद्र थोडाफार उतरत होता. बँकेतल्या मित्राला जाळ्याच्या कर्जाचा हप्ता हंगामाशी जोडावा लागतो हे बोटीवर कळलं. पुस्तकात ते कुठेही नव्हतं. तो रस्ता बंद झाला. तेव्हापासून समुद्र म्हणजे नकाशावरचा निळा रंग, आणि निळ्या रंगावर भराव टाकायला कोणाचा हात थरथरत नाही.

जुलै 2023 मध्ये त्याच डहाणू प्राधिकरणाने, धर्माधिकारींच्या पश्चात, वाढवणला परवानगी दिली. जानेवारी 2024 मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. सुमारे 76 हजार कोटींच्या प्रकल्पापुढे कोळ्यांचं म्हणणं भावनेचं ठरवलं गेलं. त्यात भावना आहेच. पण त्याहून जास्त माहिती आहे. ऑगस्ट 2021 मध्ये, हंगामाच्या तोंडाशी, सातपाटीच्या खाडीपलीकडच्या मुरबे गावच्या एका बोटीला 157 घोळ मिळाले आणि ते 1 कोटी 33 लाखांना गेले. सगळ्या वाहिन्यांनी ती लॉटरी म्हणून दाखवली. ते घोळ वाढवणच्या दिशेच्या समुद्रात मिळाले होते, एवढं मात्र कोणी अधोरेखित केलं नाही. लॉटरी नव्हती ती; त्या पाण्याचं उत्पन्न होतं.

बोट फुटली ती नाखव्याची, तिचा शोक त्याच्या घरातला आहे. पण त्या समुद्राबद्दल बोलायचा हक्क आपल्या सगळ्यांचा आहे, आणि तो हक्क बघितल्याशिवाय बजावता येत नाही. मासेमारी बोटीवर शिक्षक, पत्रकार, संशोधक, विद्यार्थी यांना ओळख पटवून, जीवरक्षक जाकीट घालून, यादीत नाव लिहून जाता येईल असा परवाना सरकारने सुरू करावा. आज जे यंत्र खलाशाचा अंगठा घेतं, ते पाहुण्याचाही घेईल. सुरक्षेला त्यात बाध येत नाही. आणि समुद्रात भराव टाकायच्या कुठल्याही प्रकल्पाची सुनावणी घेणाऱ्यांनी आधी त्या पाण्यात चार रात्री दालद्याच्या बोटीवर काढल्याच पाहिजेत, असं नियमात लिहावं. जाळं ओढून, मासा सोडवून, तळहातावर दर्जा तोलून झाल्यावर ते काय लिहितील ते मला मान्य आहे. न बघता लिहिलेलं मला मान्य नाही.