इंग्रजी पर्यायशब्दांची निवड आणि अनुवादाची चिकित्सा
इंग्रजीतील समानार्थी शब्दांच्या विपुलतेचे मूळ त्या भाषेच्या इतिहासात आहे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर देशी जर्मेनिक शब्दांवर फ्रेंच शब्दांचा थर चढला. पुढे प्रबोधनकाळात लॅटिन शब्दांचा ओघ वाढला. त्यामुळे 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' या क्रियापदांचा गाभा एक असला, तरी पहिल्यात घरगुती सहजता, दुसऱ्यात शंकेची छटा आणि तिसऱ्यात सत्तेचा दाब आहे. पीटर मार्क रॉजे यांच्या १८५२ मधील 'थिसॉरस'ने अर्थक्षेत्रानुसार शब्द एकत्र आणले. तेथे शब्दांचे सान्निध्य दिसते, भेद उलगडत नाही.

मराठीतही तद्भव 'विनंती', तत्सम 'प्रार्थना' आणि फारसीमार्गे आलेला 'अर्ज' असे स्तर आहेत. तथापि दोन्ही भाषांतील स्तर परस्परांशी जुळत नाहीत. कथेतील गावकऱ्याने अधिकाऱ्याला केलेली 'विनंती' अनुवादात 'रिक्वेस्ट' झाल्यास शिष्टाचाराची ठरते, 'एन्ट्रीटी' झाल्यास काकुळतीची, तर 'पिटिशन' झाल्यास कागदोपत्री. कोशार्थ बव्हंशी टिकतो. त्या दोन माणसांमधील नाते मात्र पालटते. म्हणूनच अनुवादाच्या तौलनिक चिकित्सेत शब्दार्थाबरोबर शब्दाचा स्तर आणि वक्ता-श्रोता संबंध यांचाही विचार अपरिहार्य ठरतो.