दंडाची चिठ्ठी आली म्हणून मुकाट्याने पैसे भरू नका!

आपल्या वस्त्यांतील काही मुले आज इंग्लंडात पोट भरतात. कोणी गोदामात, कोणी व्हॅन घेऊन दुकानोदुकानी माल पोचवतो. त्यांच्यापैकी एखाद्याचा घरी फोन येतो, "दादा, कौन्सिलने दंड लावला." लोडिंगच्या जागेत, म्हणजे माल चढ-उतारासाठी राखलेल्या पट्ट्यात, गाडी उभी केली म्हणून. लंडनबाहेर हा दंड सहसा 70 पाउंड असतो, 14 दिवसांत भरल्यास 35. लंडनमध्ये याहून जास्त. तिथले 21 वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन एप्रिल 2025 मध्ये ताशी 12.21 पाउंड झाले. त्या हिशेबाने 70 पाउंड म्हणजे पावणेसहा तासांची मजुरी! घाबरून भरून टाकण्याइतकी ही रक्कम लहान नाही.

आधी एक भीती काढून टाकू. हा फौजदारी गुन्हा नव्हे. 2004 च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याप्रमाणे, 2008 पासून, इंग्लंडात कौन्सिलच हा दंड दिवाणी स्वरूपात लावते. पोलिसांचा यात संबंध नाही.

खरा वाद 'लोडिंग' कशाला म्हणायचे याचा. नुसते खोके उतरवणे एवढेच लोडिंग नव्हे. जेन पॅकर फ्लॉवर्स या फुलवाल्या कंपनीच्या 1990 च्या दशकातील प्रकरणात लंडनच्या पार्किंग लवादाने हे स्पष्ट केले की माल गिऱ्हाइकापर्यंत नेणे, कागद तपासून घेणे, सही घेणे हेही त्यातच येते. म्हणून वॉर्डनला गाडीपाशी पाच मिनिटे कोणी दिसले नाही, एवढ्यावरून लोडिंग चालू नव्हते असे ठरत नाही. मुलगा तिसऱ्या मजल्यावर सही घेत उभा असेल! उलट बाजूही सांगितली पाहिजे. 1981 च्या बोल्टन विरुद्ध पिल्किंग्टन खटल्यात एक गृहस्थ हॉटेलातले तयार जेवण घ्यायला थांबले होते. हातात सहज मावणारी वस्तू आणणे म्हणजे लोडिंग नव्हे, असे कोर्टाने ठरवले. दूध-पाव घ्यायला थांबलेल्याने या मुद्द्यावर भांडू नये, वेळ फुकट जाईल. वेळ संपल्यावर मिळणाऱ्या 10 मिनिटांच्या सवलतीवरही विसंबू नये. ती ठरलेली मुदत उलटल्यानंतरची आहे, मुळात मनाई असलेल्या उभे राहण्याला नाही.

आमच्यासारख्या कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, फायलीत कागद नसेल तर काम झालेच नाही असे धरतात. तेव्हा डिलिव्हरीची पावती, सहीची वेळ, मालकाचे किंवा गिऱ्हाइकाचे दोन ओळींचे पत्र जपून ठेवा. जागेवरच फोटो काढा. पाटी झाडाआड आहे का, पाटीवर कोणते तास लिहिलेत, रस्त्यावरचा तुटक पांढरा पट्टा आणि अक्षरे पुसली आहेत का, हे सारे त्यात यावे. वॉर्डनने काढलेले फोटोही कौन्सिलकडे मागा.

दंडाची चिठ्ठी सहसा गाडीवर लावलेली किंवा हातात दिलेली हवी. 2015 पासून कॅमेऱ्यावरून टपालाने पाठवायला फार थोड्या जागी मुभा आहे, बस थांबा, शाळेचे दार वगैरे. मात्र गाडी निघून गेली किंवा वॉर्डनला अडवले, तर टपालानेही येते.

पहिला लेखी आक्षेप 14 दिवसांच्या आत घ्या. तो फेटाळला तरी निम्म्या दराची सवलत पुन्हा द्यावी, असे सरकारी मार्गदर्शन आहे. न मानल्यास मालकाच्या नावे नोटीस येते. त्यावर 28 दिवसांत रीतसर म्हणणे मांडायचे. कौन्सिलने 56 दिवसांत उत्तर दिले नाही, तर तुमचे म्हणणे मान्य झाल्यासारखे होते. फेटाळले तर 28 दिवसांत स्वतंत्र लवादाकडे अपील. लंडनसाठी लंडन ट्रायब्युनल्स, बाकी इंग्लंडसाठी ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. गप्प बसलात तर मात्र दंड दीडपट होतो आणि शेवटी वसुलीवाले दारात येतात.

गाडी मालकाची असेल तर नोटीस मालकाकडे जाते, म्हणून चिठ्ठी मिळाल्या दिवशीच त्याला कळवावे. आणि सुपरमार्केटच्या खाजगी मैदानातली चिठ्ठी कौन्सिलची नसते. तिची वाट वेगळी, तिच्याविषयी पुन्हा केव्हातरी.