‘इसापनीती’तील नीती

इसापच्या कथांना जोडलेले ‘नीती’ हे पद मूळ ग्रीक नावात नाही. विदुरनीती, चाणक्यनीती या वळणाने ते मराठीत रूढ झाले. त्या जुन्या नावांत नीती म्हणजे राज्यव्यवहार, सत्तेपुढे टिकून राहण्याचे शहाणपण. इसापलाही हाच अर्थ अधिक शोभतो.

हिरोडोटस त्याला सामोस बेटावरचा गुलाम म्हणतो. तेथे एका लोकनेत्यावर प्राणदंडाचा खटला चालू असता इसापने सांगितलेली गोष्ट ॲरिस्टॉटलने नोंदवली आहे. नदी ओलांडताना कोल्हा घळीत अडकतो, अंगभर गोचिडी लागतात. दुसरा प्राणी विचारतो, काढू का? कोल्हा म्हणतो, नको. यांची पोटे भरलीत, या काढल्यास तर नव्या उपाशी येतील. तसाच हा नेता. तो आता श्रीमंत झाला आहे, याला माराल तर दुसरे येऊन उरलेलेही खातील. बचाव करता करता इसाप अशिलालाच गोचीड ठरवतो! याचे एका ओळीचे तात्पर्य काढून दाखवावे.

पहिल्या शतकातला रोमन कवी फीड्रस स्वतः गुलामीतून सुटलेला. गुलामाला मनातले उघड बोलता येईना म्हणून अशा कथा जन्मल्या, असे तो सांगतो. त्याच्या एका कथेत शत्रू येताच म्हातारा गाढवाला पळायला सांगतो. गाढव विचारते, नवा मालक दुप्पट ओझे लादील का? नाही ना, मग मालक कोणीही असो. 1948 साली निजामी संपलेली आणि 1956 साली म्हैसूर राज्यात गेल्याचे पाहिलेली बीदर-गुलबर्ग्याची माणसे या गाढवाला लगेच ओळखतील. माझ्या मते मात्र त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ओझे तेवढेच राहिले तरी अर्जाची भाषा बदलते.

मराठीत इसाप आला तो मुलांसाठी. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात 1806 साली ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली; 1828 साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आली. मराठी गद्यावर छत्र्यांचे ऋण मोठे आहे. पण शाळेत नीती म्हणजे सदाचार एवढेच उरले आणि तात्पर्य हा परीक्षेचा प्रश्न झाला.

आपल्या मातीतले उदाहरण वेगळे आहे. कन्नड पंचतंत्राचा कर्ता दुर्गसिंह हा कल्याणीच्या चालुक्यांपैकी दुसऱ्या जयसिंहाचा संधिविग्रही, म्हणजे तह आणि युद्ध पाहणारा मंत्री. काळ अकराव्या शतकाचा पूर्वार्ध. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आपल्याकडच्या पदवीवर्गात फीड्रसचे गाढव आणि दुर्गसिंहाचे पशू शेजारी ठेवून, तात्पर्य न सांगता शिकवता येतील; बहुतेक विद्यार्थ्यांना दोन्ही भाषा येतात.