पाइपलाइनच्या व्हॉल्व्हसाठी टिकाऊ चेंबर

विहिरीवरून किंवा नदीवरून पाणी आणणाऱ्या पीव्हीसी पाइपलाइनवर बागायतदार बराच खर्च करतात. व्हॉल्व्हचे चेंबर मात्र चार विटा आणि वर शहाबादी फरशी ठेवून उरकले जाते. दोन पावसाळ्यांत ते गाळाने भरते, फरशी फुटते आणि ऐन पाण्याच्या पाळीला कुदळ घेऊन व्हॉल्व्ह शोधावा लागतो. पुष्कळदा चेंबरची भिंत थेट पाइपवरच उभी असते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्याबरोबर भिंत हलते आणि व्हॉल्व्हजवळचा सांधा तुटतो. म्हणून चेंबरचा भार पाइपवर येता कामा नये.

चेंबर शक्यतो बांधालगत, उंचवट्यावर घ्यावे. गाडीवाटेत किंवा नांगराच्या तासात घेऊ नये. पाइप 3 फूट खोल असेल तर आतील मोकळी जागा अडीच फूट बाय अडीच फूट ठेवावी. यापेक्षा लहान चेंबरमध्ये वाकून पाना फिरवता येत नाही. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन किंवा फ्लँज बसवावी, म्हणजे पाइप न कापता व्हॉल्व्ह बदलता येतो.

व्हॉल्व्हला आधार

व्हॉल्व्ह बंद केला की पाण्याचा सगळा दाब त्याच्यावर येतो. 90 मि.मी. पाइपमध्ये चौरस सेंटिमीटरला 4 किलो दाब असेल, तर व्हॉल्व्हला सुमारे अडीचशे किलोचा रेटा बसतो. तो सांध्यांनी सोसावा अशी अपेक्षा धरू नये. व्हॉल्व्हखाली 1:2:4 काँक्रीटचा ठोकळा करावा. तो न उकरलेल्या घट्ट जमिनीत निदान 6 इंच रुतलेला असावा. काँक्रीटमध्ये आधीच बसवलेल्या लोखंडी पट्टीने व्हॉल्व्ह आवळावा आणि मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. युनियन व बोल्ट काँक्रीटमध्ये गाडले जाणार नाहीत हे पाहावे.

भिंत आणि झाकण

भिंत 9 इंच जाडीची, 1:6 सिमेंट-वाळूत बांधावी. पाइप जेथून जातो तेथे मोठ्या पाइपचा तुकडा भिंतीत बसवावा, उदा. 75 मि.मी. पाइपसाठी 110 मि.मी. चा. वर फरशीची पट्टी आडवी टाकून मगच पुढचे थर घ्यावेत. मधल्या फटीत काथ्या ठासावा, सिमेंट भरू नये. आतून 1:4 गिलावा करून बांधकामावर निदान 7 दिवस पाणी मारावे. बाहेरच्या बाजूला काळी माती परत न भरता मुरूम थराथराने धुमसावा.

तळाला खडी टाकली की पाणी आपोआप मुरते, असे गवंडी सांगतात. मुरमाड जमिनीत ते खरे आहे. काळ्या जमिनीत मात्र पाणी महिनोन् महिने मुरत नाही. तेथे उतार असल्यास तळातून एक पाइप ओघळीकडे काढावा व त्याच्या तोंडाला जाळी बसवावी. उतार नसेल तर पाणी आत येऊच नये यासाठी भिंत जमिनीपासून 9 इंच वर घ्यावी आणि भोवती मुरमाचा उतार द्यावा.

झाकण एकसंध केले तर 3 फूट बाय 3 फूट, 3 इंच जाडीच्या काँक्रीटचे वजन दीडशे किलोंवर जाते. मग ते कोणी उचलत नाही, एकदा उघडे राहिले की उघडेच राहते. त्याऐवजी एक फूट रुंदीच्या तीन पट्ट्या ओताव्यात. प्रत्येकीत 8 मि.मी. च्या तीन सळ्या तळापासून पाऊण इंचावर लांबीच्या दिशेने द्याव्यात आणि दोन्ही टोकांना सळईला बांधलेल्या कड्या ठेवाव्यात. दहा-बारा दिवस पाणी मारल्यावर पट्ट्या बसवाव्यात. दोन माणसे एक पट्टी सहज उचलतात आणि रोजच्या वापरासाठी मधली पट्टी काढली तरी पुरते.

गेट व्हॉल्व्ह फिरवण्यासाठी लोहाराकडून टी आकाराची लांब किल्ली करून घ्यावी, म्हणजे खाली उतरावे लागत नाही. थंड, अंधाऱ्या चेंबरमध्ये साप व विंचू आसरा घेतात. पट्टी काढल्यावर आधी बॅटरीच्या उजेडात पाहावे, काठी फिरवावी आणि नंतरच हात घालावा.