विचारणे आणि कळविणे

ओडिशातील नियमगिरीच्या बारा गावांत 2013 च्या पावसाळ्यात ग्रामसभा भरल्या. डोंगरमाथ्यावरील बॉक्साइटच्या खाणीमुळे आपल्या धार्मिक व सामूहिक हक्कांस बाध येतो काय, हे ग्रामसभांनी ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितले होते. डोंगरिया कोंढांच्या लेखी तो माथा म्हणजे नियमराजाचे ठाणे. बाराही सभांनी खाणीस नकार दिला, आणि जानेवारी 2014 मध्ये केंद्राने प्रकल्पाची परवानगी नाकारली.

हा लोकशाहीचा विजय खरा. परंतु खनिज शुद्ध करणारा कारखाना पायथ्याशी लांजीगढ येथे त्यापूर्वीच उभा राहिला होता, याचा विसर पडता कामा नये. कोट्यवधींची गुंतवणूक झाल्यावर विचारणे म्हणजे विचारणे नव्हे, कळविणे होय. तरीही नकार टिकला, तो न्यायालय पाठीशी होते म्हणून. अन्यत्र आदिवासींच्या वाट्यास असे भाग्य क्वचितच येते.

कायद्याची भाषाही येथे पाहण्यासारखी आहे. 1996 च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभा वा पंचायत यांच्याशी विचारविनिमय आवश्यक ठरविला. ‘संमती’ हा शब्द भूसंपादनाच्या कायद्यात यावयास 2013 साल उजाडावे लागले. विचारविनिमय ऐकून घेऊन संपविता येतो, संमती मात्र मिळवावी लागते. (आणि मिळविण्याचे मार्गही सर्वच सरळ नसतात, हे कोरड्या कागदावर घेतलेले अंगठे सांगतात.)

अर्थशास्त्राच्या अध्यापकास याहून अधिक खटकते ती हिशेबाची रीत. वर्गात आम्ही लाभ-व्यय विश्लेषण शिकवितो. पण व्ययाच्या रकान्यात येते ते केवळ महसुली दप्तरातले. सरदार सरोवराच्या 1979 च्या लवाद निवाड्याने जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व मान्य केले, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. महाराष्ट्रातील तेहतीस गावे त्या बुडिताखाली येणार होती. परंतु अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कित्येक शेतांची दप्तरी ओळख ‘अतिक्रमण’ एवढीच होती. मोहाची फुले, चारोळी, गवत, नदीतील मासळी यांचे मोल तर कोणत्याच नोंदवहीत नव्हते. गावकऱ्यांशी आराखडा आखण्यापूर्वी बोलणे झाले असते, तर प्रकल्पाचा खर्चच निराळा दिसला असता. सौजन्याचा भाग सोडला तरी, आकडा बरोबर येण्यासाठीच हे संभाषण हवे.

याला वेळ लागतो, ही अधिकाऱ्यांची तक्रार खोटी नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा येथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचे मन वळेपर्यंत विषय पुढे जातो. त्याच गावाने 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि 2011 पासून आपला बांबू आपणच विकला. प्रकल्पाच्या वेळापत्रकात निविदांस जागा असते, पावसाळ्यास असते. गोंडी वा पावरी बोलीत बसून बोलावयाच्या महिन्यांस नसते. ते महिने निविदेपूर्वी धरावेत, आणि नकार आल्यास दुसऱ्या जागेचा आराखडा हाताशी असावा, एवढे नियोजन खात्यास खचित शक्य आहे.