आणा, नवा पैसा आणि संगणकाचा हिशेब

कामगारांत आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकावर बोलावे याचे आपणास नवल वाटेल. मला हे शास्त्र एका पगारपत्रकाने शिकवले. एका कारखान्यात रोज वीस मिनिटे जादा काम होई. हजेरीचा संगणक मिनिटांचे तास करी आणि उरलेली मिनिटे रोजच्या रोज टाकून देई. सव्वीस दिवसांची ५२० मिनिटे, म्हणजे ८ तास ४० मिनिटे झाली; पत्रकावर शून्य!

जेनेरिक प्रोग्रामिंग म्हणजे बेरजेची कृती एकदाच लिहायची आणि ती तास, मिनिटे, रुपये अशा कोणत्याही प्रकाराला लावायची. पण दोन निरनिराळे प्रकार समोर आले, की कोणी कोणात बदलायचे हे ठरवावे लागते.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हे १ एप्रिल १९५७ रोजी पाहिले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. (त्याच दिवशी निघालेली नव्या पैशांची तिकिटे आपल्याच नाशिक रोडला छापलेली.) आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडावा, जास्त असल्यास एक धरावा, असा नियम होता. म्हणून एका आण्याचे सहा आणि तीन आण्यांचे एकोणीस. सोळा आणे सुटे-सुटे बदला, ९६ येतात. एकत्र बदला, १००. उलट जुना पैसा दीडाहून किंचित जास्त भरे, म्हणून त्याचे दोन मिळत. चौसष्ट सुटे बदलले तर १२८! हिशेब कोण करतो, त्यावर सारे.

सी प्लस प्लस भाषेने २०११ साली कालमापनाच्या प्रकारांना यावर बंधन घातले. पूर्णांकी तासांची मिनिटे आपोआप होतात, कारण त्यात काही सांडत नाही. मिनिटांचे तास मात्र स्पष्ट लिहून मागावे लागतात; न मागता केल्यास कंपायलर अडवतो. दोहोंची बेरीज करायची तर तो दोघांना सामावणारे माप शोधतो. आणा आणि नवा पैसा यांना असे माप रुपयाचा चारशेवा भाग: आण्यात पंचवीस, नव्या पैशात चार.

२०२० साली ‘कन्सेप्ट’ आले. कृतीच्या मथळ्यावरच अट लिहिता येऊ लागली, की दोन्ही प्रकार एका समाईक प्रकारात बदलता आले पाहिजेत. बदलण्यापूर्वी जे वेगळे ते नंतरही वेगळेच राहावे, हेही त्यात अभिप्रेत असते. पण कंपायलर केवळ रूपांतराची सोय आहे की नाही एवढेच तपासतो. दुसरी गोष्ट लिहिणाराने पाळायची.

आम्ही एवढेच मागितले: महिनाभर मिनिटांचीच बेरीज करा, तास एकदाच शेवटी काढा. पुढच्या महिन्यापासून तसे झाले. मागची बाकी अजून येणे आहे.