आकड्यांच्या गलक्यात हरवलेला सूर

सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र लिलावात ६७ कोटींवर गेले आणि सगळ्यांना गायतोंडे एकदम आठवले. आदल्या वर्षी त्यांची जन्मशताब्दी होती, तेव्हा एवढी चर्चा माझ्या तरी कानावर आली नाही. भेटेल तो किंमत विचारतो. हा माणूस काय ऐकत असे, हे कुणी विचारत नाही. हे मला फार लागले.

नागपूरचा जन्म, जे. जे.ची पदविका, न्यूयॉर्क, पुढे दिल्ली हे सारे कोशात मिळेल. माझे मन अडकले आहे ते साठच्या दशकातल्या मुंबईत, वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे चित्रकारांचे स्टुडिओ होते, गायतोंड्यांचाही होता. रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा तिथेच. सतारीचा रियाज, नाटकाच्या तालमी आणि तैलरंगांचा वास एकाच वास्तूत नांदत. आम्ही चित्रकलेचे विद्यार्थी रंग बघायला जायचो आणि कान भरून परतायचो.

गायतोंड्यांना हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य, दोन्ही अभिजात संगीताची ओढ होती. ज्या चित्रकार पॉल क्लेचा त्यांच्यावर सुरुवातीला प्रभाव होता, तोही उत्तम व्हायोलिन वाजवी. पण रागमालेच्या लघुचित्रांतल्यासारखे नायिका, मोर, मेघ गायतोंड्यांच्या नंतरच्या चित्रांत दिसत नाहीत. त्यांनी संगीताची चाल घेतली. रोलरने, सुरीने एकेक थर द्यायचा, कागद दाबून थोडा रंग उचलायचा, मग थांबायचे. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे. विलंबित ख्यालात कसलेला गवई षड्ज स्थिरावल्याशिवाय पुढे सरकत नाही, तसा हा संयम. तो त्यांना ऐकण्यातून मिळाला, असे माझे ठाम मत आहे.

त्या काळी आमचे एक शिक्षक ही चित्रे म्हणजे नुसती रंगवलेली भिंत आहे, असे वर्गात सांगत. ते चुकत होते, आणि आज फक्त आकडा वाचणारेही तितकेच चुकत आहेत. दोघेही चित्रासमोर थांबलेले नाहीत.

भुलाभाईची वास्तू पाडली गेली. चित्रकार, गवई आणि नट रोज एकमेकांच्या कानावर पडतील अशी दुसरी जागा मुंबईने उभी केली नाही. निदान कलामहाविद्यालयांनी आठवड्यातला एक तास केवळ गाणे ऐकण्यासाठी राखून ठेवावा, आणि तो वेळापत्रकात छापावा.